व्याज आणि अपराध : अल्पखर्ची भयपटाच्या आकर्षणाची मीमांसा

१

विश्राम बेडेकर (१९०६–१९९८) हे नाव घेताच मराठी वाचकाला प्रथम 'रणांगण' आठवते. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, १९३९ साली, प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत युरोपातून परतीच्या वाटेला लागलेली एक बोट आहे, तीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत आणि ज्याला निश्चित चेहरा नाही असे एक भय त्या साऱ्यांच्या पाठीशी उभे आहे. पुढे 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्राला १९८५ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला आणि बेडेकरांच्या वाङ्मयीन थोरवीवर जणू शिक्कामोर्तब झाले. त्यांच्या चित्रपटविषयक कामगिरीचा उल्लेख वाङ्मयेतिहासात होतो तो बहुधा 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'पुरता (१९४४). त्यानंतरच्या त्यांच्या हिंदी चित्रपटांकडे समीक्षेने सहसा वळून पाहिलेले नाही.

या उपेक्षित यादीत दोन नावे आहेत : 'रुस्तम सोहराब' (१९६३) आणि 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०). दोहोंचे दिग्दर्शक बेडेकर आणि निर्माते एफ. यू. रामसे. दुसरा चित्रपट सपशेल कोसळला. मात्र त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर अंगावर भयंकर वेष आणि तोंडावर सैतानी मुखवटा चढवून एका संग्रहालयात चोरी करण्यासाठी शिरतात. पोलिसांच्या गोळ्या त्या अवजड देहावर आपटून व्यर्थ जातात. निर्मात्याचे चिरंजीव तुलसी आणि श्याम यांनी चित्रपटगृहात बसून पाहिले, की एरवी कंटाळलेला, चुळबुळणारा प्रेक्षक या एका प्रसंगाला सावरून बसतो. मुखवट्याच्या या काही मिनिटांसाठीच लोक तिकीट काढून येत आहेत, तर संपूर्ण चित्रपटच अशा मिनिटांचा का असू नये, असा प्रश्न त्यांनी वडिलांपुढे ठेवला. हिंदी चित्रपटसृष्टीत पुढली वीस वर्षे गाजलेल्या 'रामसे बंधूं'च्या भयपटांचा उगम या प्रश्नात आहे.

'रणांगण'कारांच्या एका अपयशी चित्रपटातून हा प्रवाह निघावा, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु या योगायोगापाशी थोडे थांबले, तर एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. जे भय खोटे आहे हे ठाऊक आहे, ज्याचा मुखवटा रबराचा आहे हे शेवटच्या रांगेतूनही दिसते, त्या भयाकडे माणसे पुनःपुन्हा का जातात?

२

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्याजातून उपजणारा, अपराधातून उपजणारा आणि वित्रासातून उपजणारा. व्याज म्हणजे बतावणी, सोंग. अपराध म्हणजे आपल्या हातून घडलेल्या दुष्कृत्याची धास्ती. वित्रास म्हणजे अचानक समोर आलेल्या गोष्टीने उडालेला थरकाप. भरतांचा रोख रंगमंचावरील पात्राच्या भयावर आहे. तरीही ही विभागणी प्रेक्षकाच्या भयाला लावून पाहण्याजोगी आहे. अल्पखर्ची भयपटाचे आकर्षण केवळ वित्रासात शोधले, म्हणजे दार करकरले आणि प्रेक्षक दचकला एवढ्यावर समाधान मानले, तर त्या आकर्षणाचा फार थोडा भाग हाती लागतो. दचकण्याची नवलाई एका खेळात संपते. दुसऱ्यांदा तिकीट काढणाऱ्याला तो हात कुठून येणार हे माहीत असते. त्याला परत आणणारे बळ व्याजात आणि अपराधात असले पाहिजे.

प्रथम व्याजाचा विचार करू. मराठी मुलखाला सोंगातल्या भयाची ओळख फार जुनी आहे. कोकणातल्या शिमग्यात संकासूर काळ्या वेषात, उंच टोपीखाली चेहरा लपवून पोरांच्या मागे धावतो. त्या वेषाआड आपल्याच वाडीतला कोणी आहे, हे पोराला पुरते ठाऊक असते. तरी ते जीव घेऊन पळते आणि आईच्या पदराआडून पुन्हा डोकावून पाहते. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवदानवांचे मोठाले मुखवटे रात्रभर नाचवले जातात. तेथेही मुखवटा घालणारा कोण, हे गुपित नसते. उलट मुखवटा आणि माणूस असे दोन्ही एकाच वेळी दिसण्यातच त्या रात्रीची गंमत आणि धाक साठवलेला असतो. भयाचा आस्वाद घेण्यासाठी फसवले जाण्याची गरज नसते. फसण्याला संमती द्यावी लागते, आणि ती संमती एकट्याने देण्यापेक्षा समुदायाने देणे सोपे जाते.

रामसेंच्या चित्रपटांनी ही संमती मागितली आणि ती त्यांना मिळाली.

३

रामसे कुटुंब मूळचे सिंधी. कराचीत त्यांचा रेडिओचा व्यवसाय होता. मूळ आडनाव रामसिंघानी, त्याचे इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडी 'रामसे' झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईस आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचेच दुकान थाटले गेले. कुमार, तुलसी, श्याम, केशू, किरण, गंगू आणि अर्जुन अशा सात भावांनी पुढे कामे वाटून घेतली. पटकथा कुमारने लिहावी, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांनी पाहावे, कॅमेरा गंगूने धरावा, ध्वनी किरणने सांभाळावा, अशी ती घरगुती वाटणी. चित्रपटशाळेचे तोंड न पाहिलेल्या या भावांना वडिलांनी काश्मीरमध्ये एका हाउसबोटीवर नेऊन ठेवले आणि जोसेफ मॅसेली यांच्या छायाचित्रणावरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या आधारे शिक्षण घ्यावयास लावले, असे सांगतात. गावातल्या सुताराचे किंवा कुंभाराचे घर जसे एका धंद्यावर चालते, तसे हे घर भयावर चालू लागले.

त्यांचा 'दो गज जमीन के नीचे' १९७२ साली प्रदर्शित झाला. चित्रीकरण महाबळेश्वरच्या शासकीय विश्रामगृहात सुमारे चाळीस दिवसांत उरकले. खर्च साडेतीन लाख रुपयांच्या आसपास सांगितला जातो. नट आणि तंत्रज्ञ एकाच बसने गेले, स्वयंपाक घरच्या स्त्रियांनी केला. विश्रामगृहाच्या खोल्या, आसपासचे धुके, झाडी हेच नेपथ्य. कथा साधी : संपत्तीच्या लोभाने पत्नी आणि तिचे साथीदार ज्याला ठार मारून पुरतात, तो नवरा जमिनीखालून परत येतो.

हिंदी चित्रपटाला भयाची ओळख त्यापूर्वी नव्हती असे नव्हे. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी?' (१९६४) हे चित्रपट गूढतेने भारलेले आहेत. परंतु त्यांतली पांढऱ्या वस्त्रांतली स्त्री अखेरीस हाडामांसाची निघते, गूढाचा उलगडा होतो आणि सुशिक्षित प्रेक्षक निःशंक मनाने घरी जातो. रामसेंनी भुताला भूत राहू दिले, आणि त्याचा शेवट करण्यासाठी चातुर्याऐवजी त्रिशूळ, क्रूस किंवा पवित्र ग्रंथ पुढे केला. ही गोष्ट अभिरुचीच्या दृष्टीने कोणाला मागासलेली वाटेल. पण ज्याच्या घरात आजीने अंगारा लावूनच ताप उतरवला होता, त्या प्रेक्षकाला प्रथमच त्याच्या अनुभवविश्वातले तर्कशास्त्र पडद्यावर दिसत होते.

या काटकसरीतून जे कलागुण आपोआप साधले गेले, त्यांची नोंद समीक्षेने घेणे अगत्याचे आहे. पहिला गुण ताऱ्यांच्या अभावाचा. मोठा नट घेणे परवडत नव्हते, म्हणून नवखे चेहरे आले. आणि नवखे चेहरे आल्यामुळे कोण जगणार आणि कोण मरणार याचा अंदाज प्रेक्षकाला बांधता येईनासा झाला. नायक म्हणून ज्याला हजारो रुपये मोजून आणले आहेत, तो चौथ्या रिळात मरत नाही, हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते. अनोळखी मुलगा मात्र केव्हाही मरू शकतो. हिचकॉकने 'सायको'मध्ये (१९६०) हाच भरवसा मोडला. जेनेट ली या नामवंत अभिनेत्रीचा निम्म्याअगोदरच खून करून त्याने प्रेक्षकाला निराधार केले. रामसेंचा प्रेक्षक पहिल्या दृश्यापासूनच निराधार असे.

दुसरा गुण ध्वनीचा. चित्र महाग असते, आवाज स्वस्त असतो. वारा, कुत्र्याचे रडणे, बिजागरीची करकर, पायऱ्यांवरची जड पावले यांना सेट लागत नाही. ज्या कुटुंबाच्या दोन पिढ्या रेडिओच्या दुकानात वाढल्या, त्याला केवळ कानांतून माणसाला किती दूर नेता येते याची जाण असावी, हे स्वाभाविक आहे. तिसरा गुण अंधाराचा. जे दाखवण्याइतके पैसे नाहीत ते अंधारात ठेवावे लागते, आणि अंधारातले प्रेक्षक स्वतः भरून काढतो. अर्थात रामसेंनी हा संयम नेहमी पाळला असे म्हणता येणार नाही. अखेरच्या भागात राक्षस लख्ख उजेडात येतो आणि भय झपाट्याने ओसरते. पण तोवर सोंग पाहण्याचा दुसरा आनंद सुरू झालेला असतो.

४

या सोंगाचा कळस म्हणजे 'पुराना मंदिर' (१९८४). मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर या तेव्हाच्या नवख्या नटांना घेऊन काढलेला हा चित्रपट त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला. सामरी नावाचा राक्षस अजय अगरवाल या अत्यंत उंच, लांबट चेहऱ्याच्या नटाने उभा केला. शिक्षणाने स्थापत्य अभियंता असलेल्या या माणसाच्या चेहऱ्यावर रंगभूषाकाराला तुलनेने थोडेच काम करावे लागले. मुरूडच्या नवाबाचा राजवाडा रामसेंना हवेली म्हणून लाभला. समुद्रावरच्या टेकडीवरील ती वास्तू एका खऱ्याखुऱ्या लयाला गेलेल्या संस्थानाची होती. जंजिऱ्याच्या सिद्दींचे राज्य १९४८ साली विलीन झाले होते.

कथानक असे : दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने सामरीचा शिरच्छेद केला, धड देवळामागे पुरले आणि शिर पेटीत बंद करून हवेलीत ठेवले. मरताना सामरीने शाप दिला, की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आजचा वंशज शहरात राहतो, व्यवहाराने आधुनिक आहे. पण मुलीचे प्रेम जमल्याचे कळताच तो हादरतो. मुलीचे लग्न म्हणजे तिचा मृत्यू, हे त्याला ठाऊक आहे आणि तिला सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी नाही.

येथे व्याजाच्या पोटातला अपराध दिसू लागतो. या कथेत गुन्हा आणि शिक्षा यांच्यामध्ये दोन शतके आहेत. ज्याने तलवार चालवली तो सुखाने मेला. किंमत मोजावी लागते ती लेकीसुनांना. मराठी लोकसमजुतीत बाळंतपणात मेलेली स्त्री अलवंतीण होऊन परतते. ज्या देशात पिढ्यान्पिढ्या बाळंतिणीच्या खोलीबाहेर पुरुष मुकाट्याने बसून राहिले, तेथे या शापाला प्रेक्षकांनी निव्वळ कल्पित मानले असेल, असे वाटत नाही. प्रसूतीचे भय, वारशाचे भय, बापाने दडवून ठेवलेल्या गोष्टीचे भय ही सारी घरातली भये होती. राक्षस त्यांना केवळ अंग देत होता.

हवेली हे या चित्रपटांचे कायमचे ठिकाण का, याचेही उत्तर यात सापडते. कुळकायद्याने जमिनी कुळांकडे जाऊ लागल्या होत्या. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. वाडे आणि गढ्या रिकाम्या पडल्या, पण त्यांच्या तळघरांत काय घडले होते याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. 'दो गज जमीन के नीचे' तनखे बंद झाल्याच्या पुढल्याच वर्षी आला. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडणे धाडसाचे ठरेल. तरीही 'तहखाना' (१९८६), 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९), 'बंद दरवाजा' (१९९०) ही नावे ओळीने वाचली, तर सारा प्रवाह एका कुलूपबंद दाराभोवती फिरतो आहे हे जाणवते. त्या दारामागे पूर्वजांचे पाप आहे.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. मराठी लोकमानसातली भुते जातिकुळीने ओळखली जातात. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, मुंजा मुंज होऊन सोडमुंज न झालेल्या मुलाचा, असे त्यांचे हिशेब असतात. सामरीला असे कुळ नाही, प्रांत नाही, बोली नाही. त्यामुळे तो विदर्भातल्या तालुक्याच्या गावी आणि बिहारमधल्या कसब्यात सारखाच चालला. मोठ्या शहरांतील मोठ्या चित्रपटगृहांपेक्षा अशा गावांतच रामसेंचा धंदा होता. मोठे चित्रपट ज्या प्रेक्षकाला गृहीत धरत, त्याच्यासाठी खास काही घडवणारे निर्माते थोडे होते.

याचा अर्थ या चित्रपटांना निर्दोष ठरवावे असा नाही. स्त्रीदेहाचे प्रदर्शन हा त्यांच्या विक्रीचा उघड भाग होता. स्नानगृहातली स्त्री आणि तिच्यावर रोखलेला कॅमेरा ही दृश्ये भयासाठी आहेत की दुसऱ्याच कशासाठी, याविषयी कोणाचाही गोंधळ होऊ नये. जो चित्रपट पूर्वजांच्या पापाची किंमत लेकींना मोजावी लागते असे सांगतो, तोच त्या लेकीकडे अशा नजरेने पाहतो, ही विसंगती त्याच्या गाभ्यात आहे. तिच्यावर पांघरूण घालून या प्रवाहाचे मोल ठरवता येणार नाही.

५

मुंबईत अपराध मुखवटा घालून पूर्वजांच्या तळघरात वावरत होता, त्याच वर्षांत मद्रासच्या कोडंबक्कममध्ये त्याने मुखवटा उतरवला. पाश्चात्त्य परिभाषेत ज्याला 'स्लॅशर' म्हणतात, म्हणजे ज्यात सुरा हाती घेतलेला मनोविकृत मारेकरी एकामागून एक बळी घेतो, त्या प्रकाराचे सर्वांत जवळचे भारतीय रूप तमिळ चित्रपटांत आढळते. जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये झळकला. सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत झालेल्या त्या चित्रपटातील मारेकऱ्याचा मुखवटा दुकानातून दोन डॉलरांच्या आत विकत आणलेला होता. एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या अंतराळवीर कप्तानाच्या चेहऱ्याचा तो मुखवटा पांढरा रंगवून, डोळ्यांची भोके मोठी करून वापरला गेला. त्याच महिन्यात मद्रासला भारतीराजा यांचा 'सिगप्पु रोजाक्कळ' प्रदर्शित झाला. दोघांनी एकमेकांना पाहिलेले असणे शक्य नव्हते.

'सिगप्पु रोजाक्कळ' म्हणजे तांबडे गुलाब. कमल हासन यांनी साकारलेला तरुण, देखणा, यशस्वी उद्योजक स्त्रियांना जाळ्यात ओढून ठार मारतो. त्याच्या बंगल्यातल्या गुलाबाच्या ताटव्याखाली प्रेते पुरलेली आहेत. श्रीदेवी यांनी उभी केलेली नवपरिणीता त्या घरात येते आणि हळूहळू तिला सारे उलगडते. येथे मुखवटा दिसत नाही, कारण सभ्य चेहरा हाच मुखवटा आहे. हवेलीच्या जागी शहरातला टापटिपीचा बंगला आला आणि दोनशे वर्षांचा शाप एका माणसाच्या बालपणात येऊन बसला. पुढे भारतीराजा यांनीच त्याचे 'रेड रोज' (१९८०) हे हिंदी रूप राजेश खन्ना यांना घेऊन केले. बालू महेंद्र यांचा 'मूडु पनी' (१९८०) याच वाटेने गेला. 'सायको'ची छाया त्यावर स्पष्ट आहे.

काटकसरीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा चित्रपट म्हणजे मणिवण्णन यांचा 'नूरावदु नाळ' (१९८४), अर्थात 'शंभरावा दिवस'. 'पुराना मंदिर'च्याच वर्षी आलेला हा चित्रपट अत्यंत थोड्या दिवसांत पुरा केला गेला. एका स्त्रीला घडून गेलेला आणि घडणार असलेला खून आधीच दिसतो, हे त्याचे बीज लुचियो फुल्ची यांच्या १९७७ मधील इटालियन चित्रपटातून आलेले. डोक्याचा गोटा केलेला, गोल चष्म्याआडून पाहणारा सत्यराज यांचा मारेकरी तमिळ प्रेक्षकांच्या स्मरणात कायमचा बसला. महाराष्ट्रात तो वेगळ्या वेषात पोचला : १९९१ साली माधुरी दीक्षित यांना घेऊन निघालेला '१०० डेज' हा त्याचाच हिंदी अवतार. इटलीतून मद्रासला आणि मद्रासहून मुंबईला असा या भयाचा प्रवास झाला. ज्यांनी तो व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, त्यांना त्याच्या कुळाची चौकशी करण्याची गरज भासली नाही.

मद्रासच्या पश्चिमेस अंबत्तूरची औद्योगिक वसाहत १९६४ मध्ये उभी राहिली. ओरगडम हा तिच्या शेजारचाच भाग. गावाकडून शहरात आलेला, भाड्याच्या खोलीत अनोळखी शेजाऱ्यांसह राहणारा कामगार अशा वसाहतींभोवती सर्वत्र वाढत होता. गावातला खुनी कोण हे गावाला माहीत असते. शहरात तो कोणीही असू शकतो. तळघरातल्या पूर्वजापेक्षा रस्त्यावरचा नीटनेटका परका या माणसाला अधिक भिववील, यात नवल नाही. मुंबईचे आणि मद्रासचे भयपट शेजारी ठेवले म्हणजे भयाचे हे स्थलांतर स्पष्ट होते. मात्र दोषाचे स्थलांतर झालेले नाही. तमिळ चित्रपटांतला मारेकरी स्त्रियांनी दुखावला गेला म्हणून स्त्रियांना मारतो. म्हणजे अपराधाची मुळी पुन्हा स्त्रीच्याच दारी नेऊन ठेवली जाते. हवेलीत लेकींनी बापाचे पाप फेडले, बंगल्यात परक्या स्त्रियांनी एका पुरुषाच्या बालपणाची किंमत मोजली.

६

मराठी साहित्यव्यवहाराने या साऱ्याकडे पाठ का फिरवली? कारण सरळ आहे. ज्या समीक्षेने स्वतःच्याच भाषेतल्या भयकथेला अंगणात उभे केले, ती हिंदी-तमिळ भयपटांना ओसरीवर घेण्याची शक्यता नव्हती. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कादंबऱ्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचल्या गेल्या. 'लुचाई'सारख्या कादंबरीत त्यांनी स्टीफन किंग यांची कथा मराठी मातीत रुजवली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेला मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत आणले आणि तिला मानसशास्त्रीय धार दिली. वाचकांनी दोघांवर प्रेम केले. वाङ्मयेतिहासाने मात्र मतकरींची नाटके पुढे ठेवली आणि धारपांना 'लोकप्रिय' या एका शब्दात गुंडाळले. भयानक रसावर टीकाग्रंथांतून पाने भरली गेली, पण त्या रसाचा जिवंत प्रेक्षक शेजारच्या चित्रपटगृहात रात्रीच्या खेळाला बसला होता, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अभिनवगुप्तांनी साधारणीकरणाचा विचार मांडताना 'शाकुंतला'तल्या भेदरलेल्या हरणाचे उदाहरण घेतले होते. भय कोणा एकाचे न राहता सर्वांचे कसे होते, हा त्यांचा प्रश्न होता. हाच प्रश्न शंभर माणसे एकदम किंचाळतात आणि लगेच हसतात त्या क्षणालाही विचारता आला असता.

हे हसणे मराठी प्रेक्षकाला नेमके उमगले होते, याची साक्ष 'झपाटलेला' (१९९३) देतो. महेश कोठारे यांनी एका अमेरिकन बाहुलीपटाचे बीज घेतले आणि रामदास पाध्ये यांच्या हातच्या बाहुल्यात तात्या विंचूचा जीव घातला. बाहुला बाहुला म्हणूनच दिसतो, त्याला हलवणारा हात जाणवतो. तरी एका पिढीची मुले त्याला घाबरली आणि मोठेपणी त्याच भयाची आठवण मायेने काढू लागली. 'पुराना मंदिर'मधले जगदीप यांचे विनोदी उपकथानक आणि तात्या विंचूच्या पाठीवर आलेले लक्ष्मीकांत बेर्डे यांचे गोंधळणे, दोन्ही एकाच जातीची आहेत. राक्षस आणि सोंगाड्या आळीपाळीने आले नाहीत, तर रात्र सरत नाही, हे लोकरंगभूमीचे जुने गणित आहे.

त्याच वर्षी रामसे 'झी हॉरर शो' घेऊन दूरचित्रवाणीवर आले. भय घरात, दिव्यांच्या उजेडात, कुटुंबासमवेत पाहता येऊ लागले आणि चित्रपटगृहातली सामुदायिक संमती विरत गेली. 'महाकाल' (१९९४) येईतो तो काळ मावळला होता. तुलसी रामसे २०१८ मध्ये आणि श्याम रामसे २०१९ मध्ये निवर्तले. याच सुमारास भयपटाला प्रतिष्ठाही मिळाली. 'लपाछपी'ने (२०१७) उसाच्या फडातल्या भुतांकरवी स्त्रीभ्रूणहत्येचा अपराध बोलता केला. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने (२०१८) धारपांच्या कथेपासून स्फूर्ती घेऊन लोभाचा वारसा एका कोकणी वाड्यात उभा केला. त्यांची कारागिरी निःसंशय अधिक सूक्ष्म आहे, त्यांची दृष्टी अधिक जागी आहे. पण वाडा, तळघर, बापाकडून मुलाकडे आलेले पाप आणि गर्भाशी जोडलेले भय ही त्यांची सामग्री नवी नाही. ती साडेतीन लाखांच्या चित्रपटांनी आणि भाड्याच्या पुस्तकांनी जपून ठेवलेली होती.

अल्पखर्ची भयपटाचे आकर्षण त्याच्या दारिद्र्यात आहे असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दारिद्र्याने अनेक वाईट चित्रपट घडवले आणि त्यांना विसरणेच योग्य. परंतु जेथे साधनांची टंचाई उघड दिसत राहिली, तेथे प्रेक्षकाला सोंगात भाग घेण्याची जागा मिळाली. रबराचा मुखवटा त्याला सांगत होता, की हे खोटे आहे, निर्धास्त राहा. आणि अशा निर्धास्त झालेल्या मनापुढे घराण्याच्या अपराधाची गोष्ट सांगता येत होती, जी उघड्या तोंडाने घरात कोणी सांगितली नसती. व्याजाने दार उघडले, अपराध आत आला. भरतांच्या यादीतले पहिले दोन प्रकार येथे एकमेकांचा हात धरून चालतात.

बेडेकरांच्या वाङ्मयीन चरित्रात 'रणांगण' आणि 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' ही दोन नावे शेजारी लिहिण्याची प्रथा नाही. पहिल्यात एक सुसंस्कृत खंड आपल्या माणसांना समुद्रावर लोटून देतो. दुसऱ्यात एक थोर नट मुखवटा चढवून संग्रहालयात शिरतो आणि गोळ्या त्याला लागत नाहीत. दोहोंची योग्यता सारखी नाही, आणि ती सारखी ठरवण्याचे कारणही नाही. पण ज्या प्रेक्षकाच्या हाती 'रणांगण' कधी पडणार नव्हते, तो दुसऱ्या चित्रपटाच्या त्या काही मिनिटांत सावरून बसला होता. तो कशासाठी सावरून बसला, हे तुलसी आणि श्याम या दोन तरुण भावांनी विचारले. समीक्षेने तो प्रश्न विचारावयाचा राहून गेला.